साडूभाऊंचा पहिला मासा

मासा हा प्राणी मी आजवर दोनच ठिकाणी पाहिला होता. एक ताटात, बाजार त्यातच धरा, आणि दुसरं दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या पेटीत. पहिल्या ठिकाणी मला भूक लागलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी भीती वाटत असते, त्यामुळे माशाकडे मासा म्हणून शांतपणे बघणं माझ्याकडून कधी झालंच नाही. तेव्हा विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात मान खाली घालून नोकरी करणारा, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणारा माझ्यासारखा माणूस दर रविवारी हातात गळ घेऊन तळ्याकाठी का बसू लागला, हे सांगणं भाग आहे.

त्याला कारण आमचे साडूभाऊ.

माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई, आजारपणात गेली. त्यांना मूलबाळ नाही. परगावी, त्या रिकाम्या घरात साडूभाऊंना एकटं कसं ठेवायचं, म्हणून बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. ते आले, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. खुर्ची माझी होती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आपलं माहिती असावं म्हणून सांगतो. माणूस दुःखात आहे, त्याला खुर्ची द्यायला नको का? द्यायलाच हवी. मी महिनोन्‌महिने स्टुलावर बसून पेपर वाचला आणि माझ्या कंबरेला त्याबद्दल जे काय म्हणायचं होतं ते तिनं मलाच ऐकवलं.

साडूभाऊ ऑडिटर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. पूर्वी आमच्याकडे आले की भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे इथपासून सुरुवात व्हायची. आता ते घड्याळ बंद पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "हो", "नको" आणि "चालेल" एवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा. ताईबद्दल एक अक्षर नाही, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

आणि ते रडत नाहीत म्हणून आमच्या घरात कोणालाच रडता येत नव्हतं. खरी अडचण ही होती. बायको हॉस्पिटलात पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. बहीण शेवटी कशी होती, काय बोलली, तिला फार त्रास झाला का, हे तिला विचारायचं होतं, आणि ज्यांना विचारायचं ते खिडकीबाहेर बघत बसलेले. "भावोजींनी विषय काढू दे, मग मी बोलेन," ती म्हणायची. "मी काढला आणि त्यांना काही झालं तर?" असं म्हणून ती बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. नळाच्या आवाजामागे काय चाललंय हे मला कळायचं, साडूभाऊंनाही कळत असावं. मग ती तोंड धुऊन बाहेर यायची आणि चहा टाकू का विचारायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा तुटवडा पडतो, सल्ल्यांचा पडत नाही. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी शब्दकोडी आणून दिली. साडूभाऊंनी एक कोडं हातात घेतलं, छापताना चुकून पांढरा राहिलेला एक चौकोन पेनानं काळा केला आणि परत दिलं. खालच्या इस्त्रीवाल्यानं पोपट पाळायला सांगितला. घरात बोलणारं कोणीतरी हवं, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण बायको म्हणाली, पोपटालाही आधी कोणीतरी बोलायला शिकवावं लागतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी, जे कोर्टात नसतात तेव्हा आमच्याकडे असतात, निकाल दिला.

"गळ टाकायला न्या त्यांना. माणूस तासन्‌तास गप्प बसला तरी कोणाला खटकत नाही, असा हा एकच छंद आहे."

"तुम्ही गेला होतात का कधी?"

"मी? छे! मला पाण्याची भीती वाटते."

आता गावाबाहेरचं तळं म्हणजे काही कोणाच्या घरची बादली नव्हे. तिथे गळ टाकायला परवाना लागतो. अर्धी रजा टाकून मी साडूभाऊंना घेऊन परवान्याच्या खिडकीशी उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कोणता मासा पकडणार?"

"जो येईल तो."

"असं नाही चालत. काहीतरी लिहावं लागतं."

मी "मोठा" असं लिहिलं. ते त्यांनी खोडलं.

"हे तुमचे कोण?"

"साडू."

त्यांनी कागद वरून खाली आणि खालून वर पाहिला. "साडू नाही यात. वडील, पती, भाऊ, मुलगा आणि इतर. भाऊ लिहू?"

"आडनावं वेगळी आहेत."

"मग इतर."

साडू ही काय चीज असते, एकाच सासऱ्यापुढे दोघांनी मिळून कसे दिवस काढलेले असतात, हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो, पण मागच्या रांगेनं मला पुरं करू दिलं नाही. मग पोहता येतं का, हा प्रश्न निघाला. दोघांनाही येत नव्हतं. त्यावर बाईंनी एक हमीपत्र पुढे सरकवलं. परवानाधारक बुडाल्यास विभाग जबाबदार राहणार नाही, असं त्यात होतं. साडूभाऊंनी कित्येक महिन्यांत काही लक्ष देऊन वाचलं असेल तर ते हे वाक्य. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग झोकदार सही केली. घरी आल्यावर मी बायकोला परवाना मिळाल्याचं सांगितलं आणि बाकीचं सांगितलं नाही.

म्हणजे बघा, निघालो होतो माणसाला बोलतं करायला, आणि आता मलाच दर रविवारी त्याला कोरडं घरी आणायची काळजी लागली. तळ्याकाठी आम्ही शेजारी शेजारी घडीची स्टुलं टाकून बसायचो. (स्टूल माझ्या नशिबातून जात नव्हतं.) माझ्या उजव्या हातात गळाची काठी आणि डाव्या हातात, मागून, साडूभाऊंच्या सदऱ्याचं टोक. त्यांना ते कळत होतं की नाही कोण जाणे. ते पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत बसायचे आणि मी त्यांच्याकडे.

तळ्यावर रविवारची ठरलेली मंडळी होती. त्यांचे पुढारी एक निवृत्त पोस्टमास्तर, आणि त्यांचा उजवा हात म्हणजे एक बेकरीवाला. शिळ्या पावाचा लगदा करून तो आमिष म्हणून सगळ्यांना वाटायचा आणि न पुसलेल्या त्याच हातानं बिस्किटंही वाटायचा. पहिल्याच रविवारी मी जोरात गळ फेकला तो पोस्टमास्तरांच्या टोपीत अडकला, आणि टोपी तळ्याच्या मध्यावर जाऊन पडली. "फेक चांगली आहे," ते शांतपणे म्हणाले. "जरा डावीकडे हवी होती." पुढच्या रविवारी शेवाळावरून पाय सरकून मी कंबरेएवढ्या पाण्यात बसलो. मोबाइल गेला, चष्मा गेला, आणि इतका आरडाओरडा करूनही साडूभाऊंनी मान वळवली नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. बेकरीवाल्यानं मला ओढून बाहेर काढलं आणि आस्थेनं विचारलं, "खाली मासे दिसले का हो?"

पण माणसं भली होती. गुडघे, पाण्याची पातळी, जावयांचे स्वभाव, कोणत्या आमिषाला काय लागतं, असं संथपणे बोलत राहायची. घरी काय झालंय हे कोणी कोणाला विचारत नसे. आणि त्यांची एक रीत होती, ती मला पचायला फार जड गेली. तळ्यावर कोणाचं म्हणणं खोटं पाडायचं नाही. कोणी "मोठा होता, सुटला" म्हणालं की बाकीच्यांनी "केवढा होता?" विचारायचं, आणि तो हात पसरेल तेवढा मासा खरा धरायचा. मासा खरोखर लागलाच तर तो काट्यावर तोलायचा, त्याचं कौतुक करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. लोकांच्या जळालेल्या फ्रिजवर आणि चोरीला गेलेल्या स्कूटरवर संशय घेण्यात माझी हयात गेलेली. एकदा बेकरीवाल्याचे सुटलेल्या माशाची लांबी दाखवताना दोन्ही हात पुरेनात, तेव्हा पोस्टमास्तरांनी त्याच्या मदतीला आपला एक हात पुढे केला. मला अक्षरशः घेरी आली.

असे बरेच रविवार गेले. दिवस मळभाचे होते, तळं राखाडी, आणि साडूभाऊंचं बूच एकदाही हललं नाही. घरी परत आलो की बायको दारात माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो, आणि ती आत जायची. ती वाळत चालली होती. मी हे पोस्टमास्तरांना सांगितलं, रीत मोडून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिला मासा लागला ना, की माणूस बोलतो," ते म्हणाले. "भलेभले बोलते झालेत इथे."

"आणि लागलाच नाही तर?"

"लागतो हो."

पण त्यांच्या त्या "लागतो"वर मी किती दिवस विसंबून बसणार? पुढच्या रविवारी मी साडूभाऊंना बेकरीवाल्याच्या हवाली करून पुढे पाठवलं आणि वाटेत बाजारात शिरलो. चांगला चकचकीत, रुपेरी मासा निवडला. मासेवालीनं विचारलं, "साफ करून देऊ?" आणि जन्मभराच्या सवयीनं मी "द्या" म्हणालो. "तुकडे?" त्यावर मात्र मी सावध झालो. "तुकडे नको, अख्खा हवा," मी म्हणालो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बर्फासकट मासा ऑफिसच्या बॅगेत टाकला. लोकांचे खोटे दावे पकडण्यात माझ्याइतका तरबेज माणूस आमच्या शाखेत नाही. तोच माणूस स्वतः दावा रचायला बसला तर हे असं होतं.

बराच वेळ संधी मिळेना. शेवटी साडूभाऊ उठून झाडांच्या मागे गेले. मी घाईघाईनं त्यांचा गळ ओढून घेतला, आणि बघतो तर त्याला आमिषच नव्हतं. पावाचा लगदा त्यांच्या स्टुलाखाली तसाच पडलेला. म्हणजे इतके रविवार हा माणूस पाण्यात रिकामा आकडा सोडून बसला होता. मला रडूच आलं. मग पावलं वाजली, तसा मी मासा आकड्याला अडकवला आणि गळ पाण्यात टाकून दिला.

ते येऊन बसले. बूच कुठेच दिसत नव्हतं.

"भाऊ, लागला! ओढा!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

साडूभाऊंनी काठी उचलली, वजन जाणवलं तसे दचकले, आणि यंत्रासारखी दोरी गुंडाळायला लागले. मंडळी आपापले गळ टाकून धावत आली. मासा वर आला. लोंबकळत होता. पोट गळ्यापासून शेपटीपर्यंत उघडं, आत स्वच्छ धुतलेलं, कल्ल्यात बर्फाचा एक खडा. सगळे गोल करून उभे राहिले.

मग पोस्टमास्तरांनी खिशातून काटा काढला आणि मासा तोलला. "छान आहे," ते म्हणाले. "वजनदार."

बेकरीवाल्यानं बोट लावून पाहिलं. "थंड आहे हो."

"तळाला गारवा असतो."

"पण हे पोट..."

"दगडावर घासलं असेल."

"मला वाटतं हा खाऱ्या पाण्यातला आहे," बेकरीवाला चाचरत म्हणाला.

"वाट चुकला असेल," पोस्टमास्तर म्हणाले आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दया होती, आणि ती मला जास्त लागली. मग त्यांनी रीतीप्रमाणे खाली वाकून मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. मासा गेला नाही. तिथेच काठाशी, आडवा, डोळा वर करून पडून राहिला.

"दमलाय," पोस्टमास्तर हळूच म्हणाले.

"मेलेला आहे तो," साडूभाऊ म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या रविवारांत त्या लोकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बेकरीवाला गडबडला आणि रीतीला धरून, अगदी मनापासून म्हणाला, "नाही हो, जरा वेळ द्या त्याला. होईल बरा."

"काय होईल बरा?" साडूभाऊ ताडकन उठले. काठी पाण्यात पडली. "पोट फाडलंय त्याचं! दिसत नाही तुम्हाला? मेलेलाच आणलाय तो! मला कळत नाही का? तिथेही सगळे हेच. डॉक्टर म्हणे होईल बरं, नर्स म्हणे होईल बरं. मी पण! तिला कळत होतं. मला कळत होतं. आणि मी आपला तिच्या उशाशी बसून, होईल बरं, होईल बरं..."

एवढं बोलून ते बुटांसकट पाण्यात शिरले. माझ्या हातात सदरा नव्हता. मी तसाच त्यांच्यामागे उडी टाकली आणि मागून त्यांना घट्ट मिठी मारली. पण ते पुढे जाणार नव्हतेच. ते वाकले, पाण्यातून तो मासा उचलला, काठावर आले, आणि चिखलात बसून, मासा मांडीवर घेऊन रडायला लागले. मोठ्यानं, वेडंवाकडं, लहान मूल रडतं तसं. पोस्टमास्तरांनी डोक्यावरची नवी टोपी काढून हातात धरली. कोणी काही म्हणालं नाही, आणि मला त्याबद्दल त्या माणसांचे पाय धरावेसे वाटले.

खूप वेळानं साडूभाऊंनी बाहीनं नाक पुसलं आणि मला विचारलं, "बाजारातून आणलात?"

"हो."

"साफ करून घेतलात?"

"सवयीनं हो म्हटलं."

"तिथे चुकलात," ते म्हणाले.

बसमध्ये आमच्या शेजारी कोणी बसलं नाही. दोघांच्या विजारींतून पाणी निथळत होतं आणि माझ्या बॅगेला वास येत होता. मला वाटलं होतं, आता जिंकलो. घरी जायचं, साडूभाऊ ताईचं नाव काढतील, बायको रडेल, मोकळी होईल, आणि सगळं हळूहळू सुरळीत होईल. त्या मेल्या माशाचं मला थोडं कौतुकही वाटायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

बायकोनं दार उघडलं. आमचे अवतार बघून ती घाबरली. "अहो, हे काय? भावोजी, पडलात का तुम्ही?"

साडूभाऊ आत आले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले.

"ती तुला बोलवायला सांगत होती," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझी ताई. शेवटी शेवटी रोज म्हणायची, धाकटीला बोलवा. मी म्हणायचो, कशाला तिला दगदग, तू बरी झालीस की आपणच जाऊ तिच्याकडे. तुला बोलावलं असतं तर..." ते थांबले. "तर तिला कळलं असतं, मी आशा सोडली म्हणून. मी नाही बोलावलं तुला."

"मी रोज फोन करत होते," बायको म्हणाली. "रोज! तुम्ही म्हणायचात, झोपलीय."

"जागी असायची."

मी बायकोला इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. समोरच्या मुख्याध्यापिकांनी दार उघडलं आणि लगेच मिटलं. ती जे जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही, पण त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि साडूभाऊंनी त्यातलं एकही खोडलं नाही. खाली मान घालून, चिखलाच्या बुटांत, ते सगळं ऐकत उभे राहिले. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. मग ती तिथेच दाराशी खाली बसली आणि उघड्यावर, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी रडली. साडूभाऊही तिच्यासमोर उंबऱ्यापलीकडे बसले.

"आणखी काय म्हणायची?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं. त्यांच्याकडे न बघताच विचारलं.

साडूभाऊ सांगायला लागले. हळूहळू, एकेक दिवस, काही न वगळता. ऐकवत नव्हतं. मध्येच बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं की होईल गं, सगळं होईल नीट. मी ते गिळलं, आणि ओल्या कपड्यांनी त्यांच्या बाजूला जमिनीवर बसलो.